चार जणांच्या ऑफिससाठी रास्पबेरी पायवर गिट सर्व्हर: सॉफ्टवेअर निवडण्याआधी काय ठरवायचं

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे नंतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. सांगलीत चार जणांचं ऑफिस, पतसंस्थांसाठी हिशेबाचं सॉफ्टवेअर बनवता. आजवर कोड गिटहबच्या (गिट या कोडच्या आवृत्त्या सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरवरची ऑनलाइन सेवा) खाजगी रिपॉझिटरीत, म्हणजे कोड आणि त्याचा इतिहास ठेवणाऱ्या कप्प्यात, होता. आता एका ग्राहकाने करारात अट घातली आहे की कोड बाहेरच्या कंपनीच्या सर्व्हरवर ठेवायचा नाही. कपाटात ४ जीबी मेमरीचा रास्पबेरी पाय ४ (हातात मावणारा संगणक-बोर्ड) आणि ३२ जीबीचं मेमरी कार्ड पडून आहे. त्यावर गिटलॅब (गिटहबसारखंच, पण स्वतःच्या यंत्रावर टाकता येणारं सॉफ्टवेअर) टाकावं की दुसरं काही, चौघांना ते पुरेल का, आणि मिरजेहून घरून काम करणाऱ्या सहकाऱ्याने तिथवर कसं पोहोचायचं, हे तुम्ही विचारलंय.

पुरेल, आरामात पुरेल. चार माणसं दिवसभरात जेवढं पुश-पुल (कोड सर्व्हरवर चढवणं-उतरवणं) करतात त्याने या बोर्डाला घामही फुटत नाही. मी लहान ऑफिसांचे सर्व्हर सांभाळतो, त्यातले काही अशाच बोर्डांवर चालतात, आणि काम झेपत नाही म्हणून त्यांतला एकही बदलावा लागलेला नाही. बदलावे लागले ते कार्ड खराब झालं म्हणून, चार्जर हलका निघाला म्हणून, किंवा बोर्ड बंद पडल्यावर पुढे काय करायचं हे ऑफिसात कुणालाच माहीत नव्हतं म्हणून. त्यामुळे मी प्रश्न जरा वळवून घेतो: उद्या सकाळी हा बोर्ड चालूच झाला नाही, तर दुपारच्या जेवणापर्यंत दुसऱ्या कुठल्याही यंत्रावर सगळं परत उभं राहील का? याचं उत्तर हो असेल तर सॉफ्टवेअर कुठलंही घ्या. नाही असेल तर महागडा सर्व्हर घेऊनही उपयोग नाही.

गिटची एक गोष्ट इथे तुमच्या बाजूची आहे. लिनस टॉरवाल्ड्स यांनी २००५ मध्ये लिहिलेलं गिट मुळातच मध्यवर्ती सर्व्हरवर अवलंबून राहत नाही. तुम्ही पूर्ण क्लोन केलेल्या (म्हणजे रिपॉझिटरीची पूर्ण प्रत उतरवलेल्या) प्रत्येक लॅपटॉपवर शेवटच्या पुलपर्यंतचा सगळा इतिहास असतो. बोर्ड जळला तरी कोड चौघांकडे आहेच. मग जातं काय? इश्यू (कामांच्या आणि तक्रारींच्या नोंदी), पुल रिक्वेस्टवरची (बदल मूळ कोडात घेण्याच्या विनंतीवरची) चर्चा, कुणाला कुठे परवानगी आहे त्याची नोंद, एसएसएच किल्ल्या (पासवर्डऐवजी लॉगिनला वापरायच्या फाइली), एलएफएसमधल्या (मोठ्या फाइली वेगळ्या ठेवण्याची गिटची सोय) फाइलींच्या जुन्या आवृत्त्या, सर्व्हरवरचे हुक (पुश आला की आपोआप चालणाऱ्या छोट्या स्क्रिप्ट). हे काही क्लोनमध्ये येत नाही. पतसंस्थेच्या व्याजाचा हिशेब अमुकच पद्धतीने का केला, हे बहुतेक वेळा इश्यूखालच्या चर्चेतच लिहिलेलं असतं. दोन वर्षांनी ऑडिटरने विचारलं की तेच शोधावं लागतं.

३१ जानेवारी २०१७ ला खुद्द गिटलॅबच्या ऑनलाइन सेवेवर हेच घडलं. एका इंजिनिअरकडून चुकीच्या सर्व्हरवर डेटाबेसचं फोल्डर पुसलं गेलं. बॅकअप शोधायला गेले तर रोजचा डेटाबेस डंप कित्येक दिवस होतच नव्हता, कारण डंप काढणाऱ्या प्रोग्रॅमची आवृत्ती जुनी आणि डेटाबेसची नवी. चूक झाल्याचे ईमेल जायचे, पण समोरचा मेल सर्व्हर ते नाकारायचा, त्यामुळे कुणाला कळलंच नाही. शेवटी योगायोगाने सहा तास आधी काढलेला एक स्नॅपशॉट कामी आला. रिपॉझिटऱ्या सगळ्या शाबूत होत्या. गेले ते सहा तासांतले इश्यू, कॉमेंट, नवे वापरकर्ते. त्यांनी हे सगळं उघडपणे लिहून प्रसिद्ध केलं, याबद्दल मला त्यांच्याविषयी आदर आहे.

आता काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहेत आणि त्या मला इथून दिसत नाहीत. करारातली अट नेमकी काय म्हणते? ‘तिसऱ्या पक्षाच्या सर्व्हरवर कोड नको’ आणि ‘कोड देशाबाहेर नको’ यांत बराच फरक आहे. दुसऱ्या प्रकारची अट असेल तर भारतातला भाड्याचा सर्व्हरही चालतो आणि मग या बोर्डाची गरजच राहत नाही. तुमच्या रिपॉझिटरीत नुसता कोड आहे की सेटअप फाइली, डेटाबेसचे बॅकअप, पीडीएफ असंही भरलंय? आणि सगळ्यात महत्त्वाचं, चौघांपैकी महिन्यातला एखादा तास या यंत्राला देणारं कुणी आहे का? असं माणूस नसेल तर मी हा सल्ला देणार नाही. ग्राहकाशी बोलून अट सैल करून घेणं त्यापेक्षा सोपं पडेल.

ते माणूस आहे असं धरून पुढे जातो.

सॉफ्टवेअरचं मी थोडक्यात सांगतो, कारण लोक यावर गरजेपेक्षा जास्त वेळ घालवतात. सगळ्यात साधा मार्ग म्हणजे नुसतं एसएसएच आणि बेअर रिपॉझिटरी (नुसता इतिहास, कामाच्या फाइली नाहीत). ‘गिट’ नावाचा एक वापरकर्ता, त्याला फक्त गिटचीच कामं करू देणारा गिट-शेल, आणि चौघांच्या किल्ल्या. यात बिघडण्यासारखं जवळपास काही नाही. पण वेबवर कोड पाहणं, इश्यू, रिव्ह्यू यांतलं काही मिळत नाही, आणि गिटहबची सवय झालेल्या टीमला दोन आठवड्यांत ते खटकायला लागतं. दुसऱ्या टोकाला गिटलॅब. त्याची मेमरीची किमान गरजच तुमच्या अख्ख्या बोर्डाएवढी किंवा त्याहून जास्त. स्वॅप देऊन, वर्कर कमी करून ते चालवता येतं, पण प्रत्येक पान उघडायला थांबावं लागतं आणि प्रत्येक अपग्रेड म्हणजे एक प्रकल्प होऊन बसतो. चौघांसाठी नको.

मधला मार्ग गिटी किंवा फोर्जेयो. गिटी २०१६ मध्ये गॉग्ज या जुन्या प्रकल्पातून वेगळं झालं. पुढे २०२२ मध्ये गिटीचं नाव आणि डोमेन एका कंपनीकडे गेल्यावर फोर्जेयो वेगळं निघालं, आणि बर्लिनची कोडबर्ग ही ना-नफा संस्था त्याच्या पाठीशी आहे. दोन्ही गो भाषेतले, एकच प्रोग्रॅम फाइल, एआरएमसाठी (पायच्या प्रोसेसरचा प्रकार) तयार मिळतात, आणि चौघांच्या वापरात काहीशे एमबी मेमरीत निवांत चालतात. मी आता फोर्जेयो लावतो. एक लक्षात ठेवा, आधी गिटी लावून नंतर फोर्जेयोवर जाऊ असं ठरवू नका. गिटीच्या १.२२ नंतरच्या आवृत्तीवरून फोर्जेयोवर थेट जाता येत नाही. जे घ्यायचं ते सुरुवातीलाच ठरवा. डेटाबेस म्हणून एसक्यूलाइटच (एका फाइलीत मावणारा डेटाबेस) ठेवा. चौघांसाठी वेगळा पोस्टग्रेस चालवणं म्हणजे सांभाळायला आणखी एक यंत्रणा.

लावल्यावर पहिल्याच दिवशी नवीन नोंदणी बंद आहे ना ते पाहा, नसेल तर बंद करा. ती उघडी राहिली तर कुणीही येऊन खातं काढू शकतं.

आता खरं दुखणं: कार्ड आणि वीज. ३२ जीबीच्या कार्डवर सर्व्हर ठेवू नका. कार्डातली फ्लॅश मेमरी ठरावीक वेळाच लिहून घेते, आणि गिट सर्व्हरवर डेटाबेस, लॉग, पॅक फाइली असं सतत लिहिणं चालू असतं. त्याहून वाईट म्हणजे लिहिणं चालू असताना लाइट गेली तर कार्ड अशा जागी खराब होऊ शकतं जिथे तुम्ही हातही लावला नव्हता. कार्डचा आतला कंट्रोलर मागे डेटा हलवत असतो, आणि तो अर्ध्यावर तुटतो. यूएसबी ३ ची एक लहान एसएसडी घ्या, निळ्या पोर्टात लावा आणि सिस्टिमसकट सगळं तिच्यावर चालवा. पाय ४ चा बूटलोडर अद्ययावत असेल तर तो सरळ यूएसबीवरून चालू होतो, कार्डची गरजच पडत नाही. एसएसडीची केबल किंवा डबी घेताना जरा जपून. काही स्वस्त चिप यूएएस (यूएसबी डिस्कशी जलद बोलण्याची) पद्धतीत मध्येच गप्प होतात. डिस्क अधूनमधून गायब होत असेल, लॉगमध्ये रीसेटच्या ओळी दिसत असतील, तर बूटच्या सेटिंगमध्ये त्या चिपसाठी यूएएस बंद करून पाहा. वेग थोडा कमी होतो, पण चौघांना तो जाणवत नाही.

चार्जर मोबाइलचा वापरू नका. मोबाइलचा ‘फास्ट’ चार्जर नऊ व्होल्टला भरपूर वीज देतो, पण पायला लागतात पाच व्होल्ट आणि तीन अँपिअर, आणि पाच व्होल्टला त्यांतले बरेचसे दोन अँपिअरच देतात. एसएसडीही त्याच चार्जरवर जगत असते. व्होल्टेज ४.६३ च्या खाली गेलं की बोर्ड ते टिपून ठेवतो, आणि हे तपासणं सोपं आहे. व्हीसीजेनसीएमडी या कमांडला ‘गेट थ्रॉटल्ड’ विचारा (vcgencmd get_throttled). उत्तरात नुसतं शून्य आलं तर ठीक. ५०००० आलं तर चालू केल्यापासून कधीतरी वीज कमी पडून वेग उतरला होता, आणि ५०००५ आलं तर आत्ता, या क्षणी तेच चालू आहे. एका ऑफिसात सगळे म्हणत होते की सॉफ्टवेअरमध्ये काहीतरी गडबड आहे, मोठा पुश मध्येच तुटतो. हा आकडा ५०००५ होता. मूळ कंपनीचा चार्जर लावला आणि तक्रार संपली. पुढेमागे पाय ५ घेतलात तर त्याला पाच अँपिअरचा चार्जर लागतो. तीन अँपिअरवर तो चालतो, पण सगळ्या यूएसबी पोर्टांना मिळून ६०० मिलिअँपिअरच देतो, आणि त्यावर एसएसडी डगमगते.

ऑफिसला इन्व्हर्टर असेल तर त्याच्या मागचं बटण पाहा. बऱ्याच इन्व्हर्टरांना यूपीएस मोड असतो. तो नसेल तर लाइट जाऊन इन्व्हर्टर लागेपर्यंतच्या क्षणात बोर्ड बंद होऊन पुन्हा चालू होतो, आणि पावसाळ्यात हे दिवसातून कितीही वेळा होतं. लहान यूपीएसवर बोर्ड, राउटर आणि फायबरचा डबा असे तिघेही ठेवा. नुसता बोर्ड चालू राहिला आणि राउटर बंद पडला तर मिरजेच्या सहकाऱ्याला दोन्ही सारखंच.

पाय ४ मध्ये घड्याळ चालू ठेवणारी बॅटरी नसते, हे फार लोकांच्या लक्षात येत नाही. लाइट जाऊन आली की बोर्ड आधी जपून ठेवलेली वेळ धरून उठतो आणि इंटरनेट मिळाल्यावर ती दुरुस्त करतो. राउटर उठायला बोर्डापेक्षा जास्त वेळ घेतो, त्यामुळे मधली काही मिनिटं वेळ चुकीची असते. कमिटची वेळ तुमच्या लॅपटॉपवरून येते, ती बिघडत नाही. पण दोन टप्प्यांच्या लॉगिनचे दर तीस सेकंदांनी बदलणारे कोड जुळत नाहीत, आणि इश्यूंवरच्या वेळा मागेपुढे होतात. वेळ जुळेपर्यंत फोर्जेयो चालू होऊ नये अशी अट सिस्टमडीमध्ये (लिनक्समध्ये सेवा चालू-बंद करणारा प्रोग्रॅम) घालता येते, किंवा डीएस३२३१ हे घड्याळाचं छोटं मॉड्यूल पिनांवर बसवा.

मोठ्या फाइलींबद्दल. क्लोन करताना आणि साफसफाई करताना गिट पॅक फाइली नव्याने बांधतं, आणि तेवढ्यापुरती मेमरी खातं. नुसता कोड असेल तर काही जाणवत नाही. पण शेकडो एमबीच्या सेटअप फाइली इतिहासात शिरल्या असतील तर ४ जीबीही अपुरे पडतात आणि गिटची प्रक्रिया मध्येच मारली जाते. पॅकिंगचे थ्रेड एकावर आणा आणि विंडोच्या मेमरीला मर्यादा घाला. त्याहून चांगलं म्हणजे अशा फाइली रिपॉझिटरीत ठेवूच नका. रिलीजच्या फाइली फोर्जेयोत रिलीज म्हणूनच चढवता येतात.

बिल्ड आणि चाचण्या या बोर्डावर चालवू नका. फोर्जेयोचा रनर (ही कामं करणारा वेगळा प्रोग्रॅम) ऑफिसातल्या एखाद्या डेस्कटॉपवर लावा. तुमचे ग्राहक विंडोज नाहीतर इंटेल यंत्रांवर असणार, एआरएमवर बिल्ड करून त्यांना फायदा नाही. शिवाय बिल्ड चालू असताना कुणाचा पुश अडकायला नको.

मिरजेच्या सहकाऱ्याचं आता. आधी राउटरच्या पानावर दिसणारा बाहेरचा पत्ता आणि ‘माझा आयपी’ सांगणाऱ्या कुठल्याही साइटवरचा पत्ता ताडून पाहा. दोन्ही वेगळे असतील, आणि राउटरवरचा पत्ता १००.६४ ते १००.१२७ या पट्ट्यात असेल, तर तुमच्या इंटरनेटवाल्याने एकच पत्ता अनेक घरांत वाटून दिलाय. अशा जोडणीत राउटरमध्ये पोर्ट उघडून काही होत नाही, बाहेरून येणारी जोडणी तुमच्यापर्यंत पोहोचतच नाही. आणि पत्ता स्वतंत्र असला तरी मी पोर्ट उघडणार नाही. एसएसएचचं पोर्ट उघडलं की काही तासांत जगभरचे बॉट पासवर्ड मारून बघायला लागतात, आणि ग्राहकाने तर तुम्हाला कोड जपायला सांगितलाय.

वायरगार्ड (दोन यंत्रांमध्ये इंटरनेटवरून खाजगी वाट बांधणारं व्हीपीएन) वापरा. ते २०२० पासून लिनक्सच्या गाभ्यातच आहे. वाटून दिलेल्या पत्त्यामागे असाल तर मध्ये सार्वजनिक पत्ता असलेला एक छोटा भाड्याचा सर्व्हर लागतो, किंवा वायरगार्डवरच बांधलेलं टेलस्केल वापरता येतं, जे अशा जोडण्यांतूनही वाट काढतं. मधला सर्व्हर नुसती पाकिटं पुढे ढकलत असेल (टेलस्केलमध्ये तसंच असतं), वायरगार्ड त्याच्यावर संपत नसेल, तर डेटा तुमच्या दोन टोकांमध्येच उलगडतो. अशा वेळी मधल्या सर्व्हरला तो वाचता येत नाही, त्यामुळे बहुतेक अटींत हे बसतं, पण ग्राहकाला तसं लिहून कळवा. एसएसएचवर पासवर्ड बंद, फक्त किल्ल्या. वेबसाठी प्रमाणपत्र हवंच असेल तर लेट्स एन्क्रिप्टकडून (मोफत प्रमाणपत्र देणारी सेवा) डीएनएसच्या मार्गाने घ्या, त्यासाठी कुठलंही पोर्ट उघडावं लागत नाही.

बॅकअपसाठी माझी पद्धत साधी आहे. रात्री फोर्जेयो थांबवायचं, डेटाचं पूर्ण फोल्डर आणि सेटिंगची फाइल रेस्टिक या बॅकअपच्या प्रोग्रॅमने उचलायची, पुन्हा चालू करायचं. चालू असताना एसक्यूलाइटची फाइल नुसती कॉपी केली तर ती अर्धवट निघू शकते, म्हणून थांबवणं. रात्री दोन मिनिटं बंद राहिलं तर कुणाचं अडत नाही. रेस्टिक सगळं एन्क्रिप्ट करून ठेवतं, त्यामुळे एक प्रत ऑफिसातल्या दुसऱ्या डिस्कवर आणि एक ऑफिसबाहेर, कुणाच्या तरी घरी. रेस्टिकचा पासवर्ड कागदावर लिहून तिजोरीत ठेवा. तो गेला तर बॅकअपही गेला. काम फसलं तर कळवणारा संदेश ठेवू नका, फत्ते झालं तर रोज सकाळी येणारा ठेवा. तो आला नाही की कुणीतरी विचारतंच.

आणि मग परत उभं करून बघा. जुना लॅपटॉप घ्या, डेबियन टाका, फोर्जेयोची तीच आवृत्ती टाका, त्यावर बॅकअप उतरवा. एआरएमवरचा डेटा इंटेलवर चालेल का याची चिंता नको, गिटच्या आणि एसक्यूलाइटच्या फाइली दोन्हींवर सारख्याच असतात. अडायचं ते भलत्याच ठिकाणी अडतं. फाइली रूटच्या नावावर उतरल्या की गिट ‘मालकी संशयास्पद आहे’ असं म्हणून रिपॉझिटरी उघडायलाच नकार देतं, मालकी ‘गिट’ वापरकर्त्याकडे वळवावी लागते. प्रोग्रॅम वेगळ्या जागी ठेवला असेल तर प्रत्येक रिपॉझिटरीतले हुक जुन्याच जागेकडे बोट दाखवत राहतात, आणि पुश त्यामुळे अडतो. त्यासाठी फोर्जेयोच्या अ‍ॅडमिन कमांडमधून हुक आणि किल्ल्या नव्याने बनवून घ्यायच्या. सेटिंगच्या फाइलमधली गुप्त किल्ली बदलली तर सगळ्यांचं दोन टप्प्यांचं लॉगिन तुटतं. आणि सर्व्हरच्या स्वतःच्या एसएसएच किल्ल्या बॅकअपमध्ये नसतील तर चौघांनाही ‘समोरचं यंत्र बदललंय’ असा भीतिदायक इशारा येतो. लोक तो न वाचता जुनी नोंद पुसून पुढे जायला शिकतात, आणि ती सवय सुरक्षेला घातक आहे. म्हणून इटीसी फोल्डरातल्या एसएसएचच्या किल्ल्याही रोज उचला. हा सराव ज्याने सर्व्हर लावला त्याने करू नये. दुसऱ्याच्या हाती तुमची लिहिलेली पायरीवार टिपणं द्या आणि तो कुठे अडखळतो ते बघा, टिपणं तिथे दुरुस्त करा. वर्षातून दोनदा पुरे.

विजेचा खर्च कुणी विचारलाच तर, एसएसडीसह हे सगळं साधारण पाच-सहा वॅट घेतं, म्हणजे महिन्याला चार युनिटच्या आसपास.

शेवटी गिटहबवरून हलवणं. फोर्जेयोत मायग्रेशनची सोय आहे, तिला गिटहबचं टोकन दिलं की कोडासोबत इश्यू, लेबलं, पुल रिक्वेस्टही येतात. नुसता मिरर क्लोन करून पुश केलात तर चर्चा मागेच राहते. हलवल्यावर एखादा महिना गिटहबवरची प्रत फक्त वाचण्यापुरती ठेवा. ती पुसण्याआधी इतिहासात कुणी डेटाबेसचा पासवर्ड किंवा एसएमएस सेवेची किल्ली कमिट केली होती का ते शोधा आणि सापडेल ते बदला, कारण जुनी प्रत पुसली तरी ज्यांनी कधीकाळी क्लोन केलं त्यांच्याकडे ते आहेच. कुठल्या तारखेला पुसायचं हे ग्राहकाला पत्राने कळवा आणि पोच घ्या.